पावती असल्यास

महापेच्या सातव्या मजल्यावर, रात्री पावणेदहाला,
नव्या आवृत्तीने माझ्या अडतीस फायली परत पाठवल्या.
तक्रार एकच, ओळ क्रमांक तेवढा वेगळा:
लेकीची सही बापाच्या सहीशी जुळत नाही.

लेक म्हणजे क्लास, बाप म्हणजेही क्लास.
सही म्हणजे मेथडचं नाव,
आणि कंसात ती काय काय मागते ते.
बापात होतं: दुरुस्त(वस्तू).
मी लिहिलं होतं: दुरुस्त(वस्तू, पावती).
एका स्वल्पविरामाचं भांडण.
मागची आवृत्ती नुसती कुरकुरायची,
लॉगमध्ये पिवळी ओळ टाकून पुढे जायची.
ही सरळ शटर ओढते.

रबाळ्याला, गाळा नंबर बावीसमध्ये,
अण्णा जळालेल्या मोटारी भरायचे.
दिव्याहून सोसायटीचा पंप यायचा, गोठिवलीची गिरणी,
कुणाचा मिक्सर, गोणपाटात बांधलेला.
"काय झालं?" एवढंच विचारत.
कधी तेही नाही. नाकाशी धरत,
तांब्याचा जळका वास घेत,
आणि खडूने मोटारीच्या पाठीवर नाव लिहीत.
गुरुवारी ती फिरती परत मिळे.
नाही जमलं तर तसंही तोंडावर सांगत,
आणि पैसे घेत नसत.

मग अण्णांची नजर गेली, गाळा नंदेशकडे आला.
त्याने काउंटर केलं, संगणक घेतला,
काचेवर कागद चिकटवला:
'पावतीशिवाय वस्तू घेतली जाणार नाही.'
चूक काही नव्हती त्यात. चोरीचा माल यायचा, तंटे व्हायचे.
पण त्याच आठवड्यात हिराजी मोकल
पाऊण मणाची मोटार खांद्यावर घेऊन आले,
कागद कुणीतरी वाचून दाखवला,
आणि खांदासुद्धा न बदलता माघारी गेले.

ते नंदेशकडे आलेच नव्हते.
ते 'मढव्यांच्या गाळ्यावर' आले होते.
हाक मारणाऱ्याला बाप ठाऊक असतो.
आत आज कोण बसलंय
हे त्याने वाकून का पाहावं?

नंदेशने पंपासोबत सायकलीही घेतल्या असत्या,
कुणी अडवलं नसतं.
नुसत्या वस्तूऐवजी सहा महिन्यांच्या हमीची वस्तू दिली असती,
तरी चाललं असतं.
मागणं तेवढं वाढवायचं नाही,
देणं तेवढं घटवायचं नाही.
बाकी आत काय वाट्टेल ते कर.

अण्णांचं खाजगी ते खाजगीच राहिलं.
कुठल्या तारेचे किती वेढे, ते वहीत कधी नव्हतं.
नंदेशने त्याच नावाचं आपलं काहीतरी लिहिलं,
दोन्ही एकमेकांना ओळखत नाहीत,
म्हणून भांडतही नाहीत.

आणि एका ठिकाणी यंत्र चक्क डोळे मिटतं: जन्माला.
कन्स्ट्रक्टरला हा नियमच लागू नाही.
अण्णांना जन्मायला मिठागराकडेची एक खोली आणि सुईण पुरली,
मला वाशीचं हॉस्पिटल, आगाऊ रक्कम,
दोन फॉर्म, रक्ताची बाटली.
यावर ते अवाक्षर काढत नाही.

साडेअकराला मी लिहिलं: पावती = रिकामी.
असली तर घे, नसली तर समज नाही.
अडतीसच्या अडतीस फायली गेल्या.
नंदेशला फोन केला. म्हणाला, झोप आता.

रविवारी गाळ्यावर जाऊन
मी पेनाने त्या कागदावरची ओळ खोडली,
खाली लिहिलं: 'पावती असल्यास आणावी.'
आत अण्णा स्टुलावर बसून
बोटांनी एक रिकामी बॉबिन चाचपत होते.
नंदेशने कागद वाचला, चष्मा पुसला, म्हणाला,
"हिराजीकाका आता तुर्भ्याला देतात मोटार."